शून्य हललं की पाटी बिघडते : छोट्या सीएनसी यंत्राचं सेटिंग कसं तपासावं



संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर होती. डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या महिला मंडळाला भिंतीवर किल्ल्या अडकवायच्या दीडशे पाट्या हव्या होत्या. ६ मिमी जाडीचा एमडीएफ, वर वारली नक्षी, खाली तीन हुक. १४० बाय ८० मिमीचे तुकडे आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमधूनच कापून आणले होते. यंत्रावर लाकडी चौकट बसवली होती, तिच्यात एका वेळी चार तुकडे बसायचे. पहिल्या दिवशी ४० पाट्या देखण्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली खेप भुशासकट बाजूला ठेवली, दुसरी लावली, ती निघाल्यावर कुणीतरी फडक्याने पुसून बघितलं तर नाचणाऱ्या बायांच्या रांगेतली डावीकडची बाई अर्धी पाटीवर आणि अर्धी चौकटीवर! आठ पाट्या गेल्या.

मग जे व्हायचं तेच झालं. यंत्र चालवणारी आमच्यातली सगळ्यात धाकटी. "लक्ष मोबाइलमध्ये असतं" असं एक काकू म्हणाल्या. दुसरीने कर्जाच्या हप्त्याची आठवण काढली. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, बिट बदला. पोरीच्या डोळ्यात पाणी. ती म्हणाली, उद्यापासून मी हात लावणार नाही.

खरं काय झालं होतं ते दुपारी कळलं, तेही फुटपट्टीने. आठही पाट्यांवर नक्षी डावीकडे सरकली होती आणि सगळ्यांवर बरोब्बर १२ मिमी. बिट खराब असतं तर कडा फाटल्या असत्या, नक्षी सरकली नसती. सकाळी यंत्र पुसताना एकीने एक्स मोटरच्या मागचं काळं गोल चाक फिरवून डोकं जरा बाजूला घेतलं होतं, खालचा भुसा निघावा म्हणून. आमच्या यंत्राचा स्क्रू एका फेऱ्यात डोकं ४ मिमी सरकवतो. तीन फेरे म्हणजे १२ मिमी. आणि आदल्या रात्री डोकं कोपऱ्यावर उभं करूनच घरी गेलो होतो, म्हणून सकाळी खाली वाकून न बघताच "शून्य" बटण दाबलं गेलं. पुसणारीची चूक नाही, चालवणारीचीही नाही. शून्य म्हणजे काय हे आम्हाला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. ते या लेखात सांगते. आपल्या फेडरेशनमध्ये आता आणखी समूह असं यंत्र घ्यायचं म्हणत आहेत, त्यांच्या आठ पाट्या तरी वाचतील.

यंत्राची दोन शून्यं

ठिपक्यांची रांगोळी आठवा. पहिला ठिपका कुठे ठेवला त्यावर पुढची सगळी रांगोळी ठरते. ठिपक्यांतलं अंतर बरोबर असलं तरी पहिला ठिपका उंबऱ्याला चिकटून पडला की अर्धी रांगोळी पायाखाली येणारच. यंत्राचंही तसंच. डिझाइनच्या फाइलमध्ये फक्त एवढंच लिहिलेलं असतं : पहिल्या ठिपक्यापासून उजवीकडे ३० मिमी जा, मागे २० मिमी जा, खाली १ मिमी उतर. डावं-उजवं म्हणजे एक्स, पुढे-मागे म्हणजे वाय, वर-खाली म्हणजे झेड. पहिला ठिपका कुठे ठेवायचा हे मात्र फाइल सांगत नाही, ते आपण सांगायचं असतं.

घोळ असा की यंत्राकडे दोन शून्यं असतात. एक यंत्राचं स्वतःचं, दुसरं आपल्या कामाचं. पापडाचं पाकीट वजन करताना आपण काय करतो? रिकामा डबा काट्यावर ठेवून टेअरचं बटण दाबतो, आकडा शून्यावर येतो. काट्याला डब्याचं वजन माहीत असतंच, ते तो वजा करून दाखवतो. इथेही तेच. यंत्राच्या शून्यापासून आपला कोपरा किती लांब आहे तो आकडा यंत्र लक्षात ठेवतं आणि वजा करतं. पडद्यावर म्हणूनच आकड्यांच्या दोन ओळी दिसतात. यंत्राची जागा म्हणजे मशीन पोझिशन आणि कामाची जागा म्हणजे वर्क पोझिशन. आपण पाहायची ती कामाची.

आता आमच्यासारखी स्वस्त छोटी यंत्रं, ज्यांना बाजारात ३०-१८ म्हणतात (टेबल साधारण ३०० बाय १८० मिमीचं म्हणून), त्यांतल्या बऱ्याच यंत्रांना टोकाचे स्विच नसतात. स्विच नसला तर यंत्राला स्वतः कुठे उभं आहे ते कळतच नाही. वीज चालू केली त्या क्षणी डोकं जिथे असेल त्यालाच ते आपलं शून्य मानतं. काल वेगळं, आज वेगळं. पण कामाच्या शून्याचा आकडा, म्हणजे "डब्याचं वजन", ते बंद करूनही विसरत नाही. तो आत साठवलेला राहतो. त्यामुळे सकाळी यंत्र चालू केल्यावर पडद्यावर भलताच आकडा दिसतो. घाबरायचं कारण नाही. कालचा आकडा आजच्या शून्यातून वजा झालेला असतो एवढंच. पण अशा वेळी "कामाच्या शून्यावर जा" हे बटण कधीही दाबू नका. बिट कुठेही जाईल. दाबायचं असेल तर आधी डोळ्यांनी पाहून बिटचं टोक कोपऱ्यावर आणा, मगच शून्य करा.

कप्पे सहा, आणि वरून एक चिठ्ठी

यंत्राच्या आतली आज्ञावली बहुतेक छोट्या यंत्रांत जीआरबीएल नावाची असते. ती फुकट आणि खुली आहे, नॉर्वेच्या एका माणसाने २००९ साली सुरू केली आणि नंतर जगभरच्या लोकांनी सुधारली. तिच्यात कामाची शून्यं ठेवायला सहा कप्पे असतात. जी ५४ ते जी ५९. कपाटातल्या सहा खणांसारखे. आपण काही सांगितलं नाही तर यंत्र पहिला खण उघडतं, जी ५४. पण कुणाकडून आणलेल्या फाइलच्या सुरुवातीला जी ५५ लिहिलेलं असेल तर यंत्र दुसरा खण उघडेल, आणि तो रिकामा असेल तर नक्षी यंत्राच्या शून्यापासून सुरू होईल. "मी शून्य केलं होतं तरी दुसरीकडेच गेलं" ही तक्रार ऐकली की आधी फाइलच्या पहिल्या दहा ओळी वाचा.

याहून फसवी गोष्ट जी ९२. ही खणात ठेवलेली वस्तू नाही, खणावर चिकटवलेली तात्पुरती चिठ्ठी आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये शून्याचं बटण दाबलं की आकडा खणात जातो, काहींमध्ये फक्त ही चिठ्ठी चिकटते. दोन्ही वेळा पडद्यावर शून्यच दिसतं, म्हणून फरक कळत नाही. पण मध्येच रीसेट दाबलं किंवा वीज गेली की चिठ्ठी उडते आणि खणातला जुना आकडा परत वर येतो. रीसेटनंतर आकडे अचानक उडाले तर समजा, हेच झालंय.

तपासायचं कसं? सॉफ्टवेअरमध्ये जिथे आज्ञा टाइप करता येते तिथे $# हे दोन चिन्ह टाइप करून एंटर दाबा. सहाही खणांतले आकडे आणि खाली जी ९२ चा आकडा अशी यादी येते. जी ९२ समोर तीन शून्यं असतील तर चिठ्ठी नाही. असेल तर जी ९२.१ ही आज्ञा दिली की चिठ्ठी निघते. आणि चिठ्ठीची भानगडच नको असेल तर बिट कोपऱ्यावर आणून ही ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप करा : जी १० एल २० पी १ एक्स ० वाय ०. म्हणजे "आत्ता जिथे आहेस ते पहिल्या खणाचं शून्य मान". आमच्याकडे ही ओळ मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवली आहे, बाजूला गॅस बुकिंगचा नंबर.

ज्यांच्या यंत्राला स्विच आहेत त्यांचं काम सोपं. चालू केल्यावर आधी होमिंग करायचं, आज्ञा $H. डोकं तीनही टोकांना जाऊन स्विचला लागतं आणि जरासं मागे येतं. मग यंत्राचं शून्य रोज त्याच जागी. आकडे उणे दिसतात, कारण शून्य उजव्या-मागच्या वरच्या टोकाला असतं आणि टेबल त्याच्या अलीकडे. उणे दिसलं म्हणून बिघडलं असं नाही. पैसे जमले की स्विच बसवून घ्या असं मी नक्की सांगेन. नवीन बिटांच्या पेटीआधी स्विच.

सारखी सरकते की वाढत जाते?

नक्षी चुकली की पहिला प्रश्न हा विचारा. बाकी सगळं नंतर. सगळ्या पाट्यांवर सारखंच अंतर सरकली असेल तर शून्य चुकलं आहे, आमच्यासारखं. पण एकाच पाटीवर सुरुवातीला जागेवर आणि पुढे पुढे सरकत गेली असेल, वर्तुळाची दोन टोकं जुळली नसतील, तर शून्याला दोष देऊ नका. तिथे मोटरची पावलं चुकत आहेत. यंत्राला वाटतं आपण ५० मिमी गेलो, प्रत्यक्षात गेलेलं असतं ४८. त्याला ते कळायची सोय नाही, ते फक्त पावलं मोजतं. कारणं बहुतेक साधी असतात. बिट फार खोल उतरवलंय, वेग फार ठेवलाय, बिट बोथट झालंय, स्क्रूवर भुसा बसलाय, वायर कुठेतरी अडकतेय. आणि सगळ्यात जास्त वेळा मोटर आणि स्क्रू यांना जोडणारं जे कपलिंग असतं त्याचे बारीक स्क्रू ढिले झालेले असतात. ॲलन की घेऊन ते दर सोमवारी आवळायचे. पाच मिनिटांचं काम.

माप सरसकट मोठं-लहान येत असेल तर आणखी वेगळं. १०० मिमी चाल म्हटलं आणि ५० चाललं किंवा २०० चाललं तर पावलांचं सेटिंग चुकलंय. $$ टाइप केलं की सेटिंगची यादी येते. तिच्यात $१०० म्हणजे एक्ससाठी एका मिलिमीटरला किती पावलं. हिशोब आपल्या हातात आहे : मोटर एका फेऱ्याला २०० पावलं, चालक सर्किट प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतं, म्हणजे ३२००. स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकवत असेल तर ३२०० भागिले ४ म्हणजे ८००. ८ मिमी सरकवत असेल तर ४००. पण १०० ऐवजी ९८-९९ आलं म्हणून हा आकडा बदलायला जाऊ नका. स्क्रूच्या यंत्रात एवढा फरक बहुधा ढिलाईमुळे येतो, आणि ढिलाई आकड्याने झाकली की पुढे दुप्पट त्रास. आधी आवळा, मग मोजा.

आणि इंच. आपल्या शिवणकाम करणाऱ्या तायांचा हात इंचांचा, टेपही इंचांची. डिझाइन इंचात सेव्ह झालं आणि यंत्राने ते मिमी म्हणून वाचलं तर ६ इंचाची पाटी ६ मिमीची होते, मुंगीची नेमप्लेट. उलट झालं तर जास्त वाईट, १५० मिमीचं १५० इंच होतं, म्हणजे ३८१० मिमी, पावणेचार मीटरच्या वर. डोकं चौकटीला जाऊन धडका देत राहतं. जी २१ म्हणजे मिमी, जी २० म्हणजे इंच. एका इंचात २५.४ मिमी.

याच जातीची आणखी एक जोडी, जी ९० आणि जी ९१. पहिल्यात सगळी मापं शून्यापासून धरली जातात, दुसऱ्यात आत्ता आहोत तिथून. "स्टेशनपासून तिसरी गल्ली" आणि "इथून तिसरी गल्ली" यात जेवढा फरक तेवढाच. यंत्र जी ९१ मध्ये राहून गेलं आणि फाइलने काही सांगितलं नाही तर नक्षी भटकत भटकत टेबलाबाहेर जाते. म्हणून आम्ही प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत जी २१ जी ९० जी ५४ असं घालतोच, असो वा नसो. फाइलच्या शेवटी जी २८ असेल तर तो काढून टाका. त्याचा अर्थ "ठरलेल्या घरी जा", आणि स्विच नसलेल्या यंत्राला ते घर म्हणजे सकाळी चालू केलं ती जागा. बिट खाली असताना तसं निघालं की तयार पाटीवर तिरकी रेघ मारून जातं. तयार झालेल्या पाटीवर!

अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली तर एक बाजू उलट फिरतेय. एक्स प्लस दाबलं की बिट उजवीकडे जायला हवं. वायमध्ये मात्र सगळ्या फसतात. या छोट्या यंत्रात वायला डोकं हलत नाही, टेबल हलतं. वाय प्लस म्हणजे बिट पाटीवर मागच्या बाजूला जायला हवं, आणि त्यासाठी टेबल आपल्याकडे यायला हवं. टेबल आपल्याकडे आलं की "उलटं चाललंय" असं वाटून एकीने सेटिंग बदललं आणि मग खरंच उलटं झालं. दिशेचं सेटिंग $३. त्यात एक्ससाठी १, वायसाठी २, झेडसाठी ४, ज्या उलटवायच्या त्यांची बेरीज. बदलण्याआधी जुना आकडा वहीत लिहा.

झेड

नक्षी कुठे खोल, कुठे उमटलीच नाही, किंवा बिट पाटीतून आरपार गेलं, ही सगळी झेडची गाऱ्हाणी. डिझाइन करताना झेडचं शून्य पाटीच्या वरच्या पृष्ठावर धरलंय की खाली टेबलावर, हे आधी बघा. फाइल एक म्हणते आणि आपण दुसरं करतो तेव्हा फरक सरळ पाटीच्या जाडीएवढा, म्हणजे ६ मिमीचा.

शून्य धरायला आम्ही झेरॉक्सच्या कागदाचा तुकडा वापरतो. स्पिंडल बंद. कागद पाटीवर ठेवून हलवत राहायचा आणि बिट ०.१ मिमीने खाली आणायचं. कागद जरा अडकला की थांबा. तिथे शून्य करा. कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते, वाणाच्या पाटीला तेवढ्याने काही बिघडत नाही.

बिट बदललं की झेडचं शून्य पुन्हा घ्यायचं. प्रत्येक वेळी. दोन बिटं सारखी दिसली तरी पकडीतून बाहेर किती आली ते सारखं नसतं. एक्स आणि वाय मात्र तेव्हा हलवायचे नाहीत. "झेड नवा, बाकी जुनं" असं आमच्याकडे म्हणतात आता.

वीज गेली तर

आपल्याकडे हे होणारच. टिटवाळ्याच्या पलीकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. पाटी अर्धी झालीय, बिट लाकडात रुतलेलं आणि अंधार. पहिली गोष्ट, चाकं फिरवू नका, पाटी ओढू नका. मेन स्विच बंद करा, नाहीतर वीज परत आल्यावर यंत्र झटका देतं. वीज आली की यंत्र त्या रुतलेल्या जागेलाच आपलं शून्य समजेल, म्हणजे आधीचं सगळं हिशोबाबाहेर. आधी फक्त झेड वर घ्या. मग बिट पुन्हा कोपऱ्यावर आणा.

कोपरा नेमका सापडावा म्हणून आम्ही चौकटीच्या बाहेर, टेबलाच्या लाकडावर एक खूण कायमची कोरून ठेवली आहे. टोकदार बिटने पाडलेलं बारीक छिद्र. पाट्यांचं शून्य त्याच छिद्रावर धरून डिझाइन केलंय. बिटचं टोक छिद्रात बसलं की एक्स-वाय बरोबर, मोबाइलचा टॉर्च लावून बघायचं. झेड कागदाने. मग फाइल सुरुवातीपासून पुन्हा चालवायची. झालेल्या रेघांवरून बिट परत जातं, थोडा वेळ जातो, पण मधूनच सुरू करायचा मोह टाळा. मधल्या ओळीपासून सुरू केलं की वरची जी २१ जी ९० ची ओळ सुटते आणि पुन्हा मगाचचं रामायण.

नवीन फाइल असेल तर आधी हवेत फेरी. झेडचं शून्य पाटीच्या १० मिमी वर धरायचं, स्पिंडल बंद ठेवायचा आणि फाइल चालवून बिट पाटीच्या आतच फिरतंय का ते बघायचं. या वेळी एक हात लाल बटणावर. पदर खोचलेला, केस बांधलेले, चष्मा आणि मास्क. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, छातीत जातो.

आणखी काही शिकायचं असेल त्यांच्यासाठी, पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला. गावातल्या मुलामुलींनी हाताने शिकावं म्हणून. तिथे २००२ पासून फॅब लॅब आहे, अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने उभी राहिलेली. अशी यंत्रं गावात चालू शकतात का असं कुणी बँकेत विचारलं तर पाबळचं नाव सांगा.

एक गोष्ट राहिली, सेटिंगची नाही. वारली चित्रं आपण नेटवरून उचलतो. ती कुणीतरी काढलेली असतात. आम्ही आता डहाणूकडच्या एका ताईंकडून चित्रं काढून घेतो आणि ऑर्डरमागे त्यांचे पैसे आधी बाजूला ठेवतो. यंत्र आमचं असलं तरी नाचणाऱ्या बाया त्यांच्या आहेत.

यंत्राशेजारी आता एक वही असते. पंचसूत्रीत नोंदी ठेवायच्या म्हणतो ना, तीच सवय इथे. सकाळी चालू केल्यावर $# चे आकडे, कुणी शून्य केलं, कोणतं बिट, किती पाट्या, किती खराब. कुणी यंत्र पुसलं तेही. पहिल्या पाटीनंतर थांबून फडक्याने पुसायची आणि फुटपट्टी लावायची, मग बाकीच्या. ऑर्डर वेळेवर गेली. त्या आठ पाट्या मागच्या बाजूने कोरून चहाच्या कपाखालच्या चकत्या केल्या, त्या ऑफिसातल्या मीटिंगला वापरतो. धाकटी अजून यंत्रावरच आहे, आणि आता काकूही तिच्याकडून कागदाने झेड घ्यायला शिकत आहेत.

कोणत्या लाकडाला कोणतं बिट आणि किती वेग, ते पुढच्या अंकात ती स्वतः लिहिणार आहे.